धावपट्टीचं पूर्व टोक

वाळवंटातल्या ऐन-तुयूर गावातून हजचं विमान थेट जेद्दाला सुटणार, ही बातमी रेडिओवर आली तेव्हा मेस्सऊद न्हाव्याच्या खुर्चीत होते. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण. बातमी पुरती संपायच्या आत ते गळ्यातल्या टॉवेलसकट रस्त्यावर आले आणि समोरच्या खजूरवाल्याला मिठी मारून त्याच्याही कानाला साबण लावून मोकळे झाले.

त्यांना एवढं भरतं यायला कारण होतं. उभं आयुष्य त्यांनी टॅक्सी चालवली होती. दरवर्षी हजच्या दिवसांत गावातले म्हातारेकोतारे गाडीत भरायचे आणि वाळवंट ओलांडून उत्तरेच्या मोठ्या विमानतळावर नेऊन सोडायचे, हे त्यांचं ठरलेलं काम. जाताना माणसं लब्बैक, म्हणजे ‘हजर आहे’, असा हजचा घोष करत, येताना मेस्सऊद रिकाम्या गाडीत एकटेच. गेल्या साली एका शिंप्याची तब्येत वाटेतच बिघडली आणि त्याचं विमान चुकलं. यंदा हजच्या सोडतीत खुद्द मेस्सऊद यांचं नाव निघालं होतं, आणि आता विमान दारात येणार होतं!

त्यांनी मुलीला फोन लावला.

"झुलीखा! ऐकलंस का? इथून! आपल्या इथून! घरून चहा पिऊन निघायचं आणि थेट विमानात!"

"ऐकलं बाबा," झुलीखा म्हणाली. "पण विमान केवढं येणार, ते सांगितलं का?"

"मोठं! अगं, चांगलं दोन बाजूंना इंजिनं असलेलं मोठ्ठं!"

फोन ठेवल्यावर झुलीखा जिथे उभी होती तिथेच खाली बसली. ती उभी होती त्याच विमानतळाच्या धावपट्टीवर, पूर्वेच्या टोकाला.

झुलीखा रस्त्यांची इंजिनियर. ऐन-तुयूरची धावपट्टी बहुतेक डांबराची, पण पूर्वेचं टोक काँक्रीटच्या मोठमोठ्या स्लॅबचं होतं. विमान तिथे येऊन वळतं, थांबतं, अंगात जोर भरून घेतं आणि मग पळत सुटतं. म्हणजे सगळा भार तिथेच. आठवड्याला एक छोटं विमान येई, तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण आता तिथल्या सांध्यांवर पायऱ्या पडल्या होत्या. एक स्लॅब खाली, शेजारचा वर. दोन बोटं, कुठे तीन. ते दुरुस्त करायला झुलीखाच्या कंपनीला बोलावलं होतं आणि काम सांगितलं होतं एवढंच, की वर आलेल्या कडा घासून सपाट करा.

घासायचं मशीन येऊन उभं होतं. पण सकाळपासून झुलीखा ते सुरू करू देत नव्हती.

"इंजिनियरबाई, मशीनला आता झोप लागली," लख्दर म्हणाला. लख्दर तिच्या टोळीचा मुकादम. पन्नाशीचा, कडक मिशांचा. हातपाय चालू नसले की तोंड चालू ठेवणारा. "करायचं काय आहे?"

"लख्दर, विमान मोठं येतंय. हजचं."

लख्दरने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. "माझी सासू आहे त्या यादीत."

"आणि माझे वडील."

दोघांनी त्या सांध्यांकडे बघितलं. लख्दर म्हणाला, "सासूचं ठीक आहे हो, पण तुमच्या वडिलांसाठी तरी काहीतरी करायला पाहिजे." झुलीखाला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती उठली.

विमानतळाचे मॅनेजर बुजेमासाहेब धावतच आले. त्यांनाही बातमीने पंख फुटले होते. मंत्रालयातून सकाळी फोन येऊन गेला होता. "झालं का सुरू? अजून नाही? अहो, दिवस कमी आहेत! घासा पटापट!"

"साहेब, घासून उपयोग नाही."

"का नाही? वर आलंय ते घासलं की सपाट होणार. माझी बायको नुसत्या हाताने खजूर वाटते, तेसुद्धा सपाट होतात."

"साहेब, फक्त एक करा," झुलीखा म्हणाली. "इथे उकिडवे बसा आणि हा तळहात सांध्यावर ठेवा. अर्धा या स्लॅबवर, अर्धा त्या."

बुजेमासाहेबांनी पॅन्टच्या कडा वर ओढल्या आणि बसले. झुलीखाने लांबवर उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरला हात केला. टँकरवर कोण होतं? मेस्सऊद! फोन ठेवून ते तसेच विमानतळावर आले होते, एका गालाला वाळलेला साबण, आणि ड्रायव्हर जेवायला गेलेला पाहून "मी आहे ना" म्हणून चढून बसले होते.

टँकर गुरगुरत आला. चाकं साहेबांच्या हातापासून वावभर अंतरावरून स्लॅबवर चढली. साहेबांच्या तळहाताचा अर्धा भाग खाली गेला, अर्धा वरच राहिला. त्यांनी डोळे मोठे केले. चाकं सांधा ओलांडून पुढे गेली तसा तो स्लॅब उसळी मारून वर आला आणि सांध्यातून पांढऱ्या चिखलाची पिचकारी उडाली ती थेट साहेबांच्या शर्टावर.

"या अल्लाह! हे जिवंत आहे!"

"हेच दाखवायचं होतं," झुलीखा म्हणाली. "साहेब, खाली पोकळ आहे. खजुराच्या बागांचं पाणी मुरत मुरत इथवर आलंय, आणि इथली पांढरी माती पाण्यात साखरेसारखी विरघळते. वरून चाक गेलं की स्लॅब खाली दबतो, पाणी माती घेऊन सांध्यातून बाहेर पडतं, पोकळी आणखी वाढते. आज घासून सपाट करीन. मोठं विमान एकदा वळलं की पुन्हा पायरी."

"मग?"

"मग आधी पोकळी भरायची. आणि दोन स्लॅब एकमेकांना जोडायचे, म्हणजे एकावर भार आला की शेजारच्याने तो अर्धा उचलायचा. आत्ता प्रत्येक जण आपापला एकटा भार सोसतोय. आणि घासायचं ते सगळ्यात शेवटी."

मेस्सऊद खिडकीतून डोकं काढून ओरडले, "साहेब, पोरीचं ऐका! मला त्याच विमानात बसायचंय!"

साहेबांनी चिखलाने माखलेल्या शर्टाकडे पाहिलं. "करा. पण विमानाची तारीख हलणार नाही, एवढं ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून पूर्वेच्या टोकाला जी धांदल उडाली ती बघायला गाव कुंपणाला लोटलं. तारेपलीकडे माणसं चटया टाकून बसू लागली. कुणी चहाचं सामान घेऊन यायचं, कुणी उन्हासाठी छत्री. आधी स्लॅबना भोकं पाडून पंपाने पातळ सिमेंट आत सोडलं. एका भोकातून सोडलेलं सिमेंट शेजारच्या भोकातून वर आलं की लख्दर दोन्ही हात वर करून "भरलं!" म्हणून आरोळी ठोकी, आणि कुंपणापलीकडून बायका जीभ फिरवून लांबलचक झगारीत घालत, लग्नात घालतात तशी. लख्दरला ते इतकं आवडलं, की पुढे पुढे तो भरायच्या आधीच हात वर करू लागला.

मग करवत आली. सांध्याला आडव्या, धावपट्टीच्या रेषेला अगदी समांतर अशा खाचा कापायच्या होत्या. एकेका खाचेत हातभर लांबीची, जाड, गुळगुळीत पोलादी सळई बसवायची; अर्धी या स्लॅबमध्ये, अर्धी त्या. सळईला तेल लावायचं, एका टोकाला प्लॅस्टिकची टोपी घालायची, आणि मग खाच पटकन घट्ट होणाऱ्या सिमेंटने भरून टाकायची.

"जोडायचंय तर तेल कशाला?" कुंपणाशी उभ्या असलेल्या मेस्सऊदना चैन पडेना. "तेलाने सुटून नाही का जायचं?"

"खाली-वर हलू द्यायचं नाही बाबा, पण पुढे-मागे सरकू द्यायचं. उन्हाने काँक्रीट फुगतं, गारव्याने आकसतं. सळईने त्याला घट्ट धरून ठेवलं तर ते तडकणार. म्हणून तेल, आणि म्हणून टोकाला टोपी. टोपीत जागा मोकळी राहते."

"म्हणजे तुझ्या आईसारखं," मेस्सऊद म्हणाले. "मला घर सोडून जाऊ द्यायची नाही, पण खुर्ची अंगणात न्यायला आडकाठी नाही."

"आईला सांगू का?"

"नको. हजला जाणाऱ्याने भांडण करू नये."

काम रंगात आलं होतं. टोळीतली माणसं जेवायला थांबत नव्हती. एका हातात कस्राची जाड भाकरी नि दुसऱ्या हातात पाना, असं चाललं होतं. झुलीखाच्या ओठांना उन्हाने भेगा पडल्या होत्या, पण तिला ते जाणवतही नव्हतं. प्रत्येक सळईवर ती पट्टी ठेवून डोळा लावून बघे. एक जरी तिरपी बसली तरी दोन स्लॅब एकमेकांत अडकणार आणि काठावरून फुटणार. पण बसत होत्या, एकापाठोपाठ एक, सरळ! उद्या शेवटची रांग, परवा घासणं, मग तपासणी.

शेवटच्या रांगेच्या सगळ्या सळया खाचांत बसवून झाल्या होत्या, सिमेंट कालवायला घ्यायचं होतं, तेवढ्यात लख्दर दक्षिणेकडे बघून एकदम गप्प झाला. लख्दर गप्प झाला म्हणून झुलीखाने मान वर केली. क्षितिजावर तांबूस भिंत उभी होती, आणि ती भिंत चालत येत होती.

"वाळू," लख्दर म्हणाला.

उघड्या खाचांत वाळू भरली तर सिमेंट काठांना धरणार नव्हतं. साफ करून पुन्हा सगळं बसवायला वेळ नव्हता. ताडपत्र्या होत्या, पण त्या यंत्रांवर घातलेल्या, आणि रांग लांबच्या लांब.

"झाकायला काहीही आणा!" झुलीखा ओरडली. "काहीही!"

मेस्सऊद टँकरकडे पळाले. म्हातारा माणूस, पण ज्या चपळाईने तो दारात चढला ते पाहून लख्दरने तोंडात बोट घातलं. टँकर कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडला तो भोंगा दाबूनच. पेठेतून, मशिदीवरून, बागांच्या वाटेने तो भोंगा वाजत गेला आणि मेस्सऊद खिडकीतून ओरडत गेले, "हजवाल्यांनो! सतरंज्या आणा! धावपट्टी वाळूत चाललीय!"

आणि माणसं आली! वारा पोचायच्या आधी आली. यादीतले सगळे हजवाले, त्यांच्या सुना, जावई, शेजारी. कुणी नमाजाची चटई आणली, कुणी घोंगडी. एका घरची नव्या नवरीची लाल रजई आली. लख्दरची सासू उंटाच्या केसांचा अख्खा तंबू ओढत आली. बुजेमासाहेबांनी फाटकावर कुणाचा पास तपासला नाही; उलट आपल्या ऑफिसातला गालिचा गुंडाळून खांद्यावर टाकून ते स्वतःच पळत आले.

"सळयांना धक्का लावू नका! वरून नुसतं पसरा!" झुलीखा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती.

तेवढ्यात वारा आला. पहिल्या झपाट्यात दोन चटया उडाल्या आणि तारेवर जाऊन लटकल्या.

"बसा!" मेस्सऊद गरजले. "काठांवर बसा! वजन टाका!"

मग एक नवलच झालं. हजला निघालेले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या रांगेने सतरंज्यांच्या काठांवर बसले, पाठ वाऱ्याकडे, पदर आणि पटके तोंडावर ओढून. वाळू अंगावर सुयांसारखी टोचत होती. जवळचं माणूस दिसेना. कुणीतरी थरथरत्या आवाजात "लब्बैक" म्हणायला सुरुवात केली, मग शेजारच्याने, मग अख्ख्या रांगेने. वाऱ्याच्या वर तो आवाज चढत गेला. झुलीखा तंबूच्या एका कोपऱ्यावर पालथी पडली होती, दातांत वाळू कचकचत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी तिला वाटलं, असं काम पुन्हा आयुष्यात मिळायचं नाही.

लख्दरची सासू त्याही गोंधळात ओरडली, "जावईबापू! तुमच्यापेक्षा माझा तंबू जास्त उपयोगी पडला!"

वारा दुपार कलताना ओसरला. सगळे उठले तेव्हा पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे दिसत होते. झुलीखाने श्वास रोखून पहिली सतरंजी उचलली. खाच स्वच्छ होती. दुसरी. तिसरी. कुठे चिमूटभर वाळू होती ती हवेच्या नळीने उडवली. टोळी सिमेंट घेऊन मागोमाग येत होती. आणि मग एका खाचेपाशी ती थबकली.

"इथली टोपी कुठे आहे?"

सळईचं टोक उघडं होतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"इथे कोण बसलं होतं?"

मेस्सऊद हळूच पुढे आले. "मीच."

"बाबा, टोपी?"

"ती होय? मला वाटलं, कुणीतरी बाटलीचं झाकण टाकलंय. कचरा कशाला राहू द्यायचा म्हणून..." त्यांनी खिशात हात घातला. चार खजूर निघाले, एक किल्ली, रुमाल, आणि त्याला चिकटलेली टोपी.

झुलीखाने ती घेतली, पुसली, टोकावर बसवली, पुन्हा पट्टी लावून बघितलं. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "तुम्हाला जेद्दाला जायचंय ना? की इथेच काम बिघडवत राहायचंय?"

"जायचंय, जायचंय," मेस्सऊद घाईघाईने म्हणाले, आणि सगळी रांग खदखदून हसली. खजूर त्यांनी तिथेच वाटून टाकले.

तपासणीला राजधानीहून वस्सीनी नावाचे गृहस्थ आले. बारीक अंगाचे, कुणाशी न हसणारे. तोवर पायऱ्या घासून झाल्या होत्या, सांध्यांत काळा रबरी मसाला भरून झाला होता, आणि पूर्वेचं टोक असं सपाट दिसत होतं, की बुजेमासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावर पाय फिरवायला लावत होते.

वस्सीनींनी पाय फिरवला नाही. त्यांनी सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काट्याचं माप ठेवलं आणि म्हणाले, "इंधनाची मोठी गाडी भरून आणा."

गाडी आली. चाक पहिल्या स्लॅबवर चढलं. झुलीखाचं लक्ष काट्यांवर. या बाजूचा काटा केसभर हलला. त्या बाजूचाही हलला! तेवढाच, त्याच क्षणी! चाक तर अजून त्या स्लॅबवर गेलंही नव्हतं.

"उचलला!" लख्दर ओरडला. "शेजाऱ्याने भार उचलला!"

"पुन्हा," वस्सीनी म्हणाले.

पुन्हा केलं. मग दुसरा सांधा, तिसरा, वाळूच्या दिवशीची सगळी रांग. मेस्सऊदनी टोपी काढून घेतली होती तो सांधा आला तेव्हा झुलीखाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वस्सीनी माप पेटीत ठेवत होते.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही झालं," वस्सीनी म्हणाले. "काही होऊ नये म्हणूनच तर तुम्ही हे केलंत ना?" मग जरा थांबून, कुणाकडे न बघता, "या विमानात माझ्या आईला बसवायला माझी हरकत नाही."

बुजेमासाहेबांनी त्यांना कडकडून मिठी मारली. वस्सीनींना ती कशी सोडवायची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

विमान आलं त्या सकाळी गावात एकही दुकान उघडं नव्हतं. गच्च्या भरल्या, खजुराच्या झाडांवर माणसं चढली. ते पांढरंशुभ्र धूड आकाशातून उतरलं, डांबरावर टेकलं आणि गडगडत पूर्वेच्या टोकाकडे आलं, तेव्हा जमीन पायाखाली थरारली. कुंपणाशी उभ्या असलेल्या बायकांच्या झगारीतने इंजिनाचा आवाजही झाकला.

हजवाले पांढऱ्या कपड्यांत शिडी चढले. मेस्सऊद सगळ्यांत शेवटी, कारण ते प्रत्येकाला हात देऊन वर चढवत होते. सवय जाता जात नव्हती. आज दोन्ही गाल गुळगुळीत होते. शिडीच्या वर पोचून त्यांनी मागे वळून पाहिलं, झुलीखाला शोधलं, आणि हात हलवायला वर केला तो तसाच डोळ्यांकडे नेला.

विमानाने वळण घेतलं. झुलीखा धावपट्टीच्या कडेला, जिथवर जायची परवानगी होती तिथवर जाऊन, चक्क पोटावर आडवी झाली. गाल जमिनीला टेकवून ती सांध्यांच्या रेषेकडे बघत होती. सगळं गाव विमानाकडे बघत होतं. प्रचंड चाकं पहिल्या सांध्यावर आली. दोन्ही कडा एकत्र हलल्या असतील-नसतील. चाकं दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. ना पिचकारी, ना उसळी. चाकं नुसती वाहत गेली.

इंजिनं किंचाळली, विमान सुटलं. झुलीखा उठून उभी राहिली तेव्हा ते केव्हाच हवेत चढलं होतं आणि कोणत्या खिडकीतून बाबा बघत असतील ते सांगता येत नव्हतं. तिने उगाचच सगळ्या विमानाला हात केला. लख्दर शेजारी उभा होता, मिशा ओल्या.

"सासू गेली," तो म्हणाला, आणि नाक ओढलं. "तंबू मात्र मलाच उचलायचाय."

सायंकाळी फोन आला. जेद्दाहून मेस्सऊद एवढ्या मोठ्याने बोलत होते की घरातल्या सगळ्यांना फोनशिवायही ऐकू गेलं असतं. विमानात जेवण दिलं, ताक नव्हतं. खिडकीतून अख्खं वाळवंट दिसलं, त्यांचा तो टॅक्सीचा रस्ता दोऱ्यासारखा दिसला. लख्दरच्या सासूने हवाईसुंदरीला विमान जरा हळू न्यायला सांगितलं. इथे गर्दी काय, उजेड काय! ते सांगत होते, झुलीखाची आई मध्येच रडत होती नि मध्येच हसत होती.

अखेर झुलीखाला बोलायला मिळालं. "बाबा, ते सगळं ठीक. पण निघताना, ते पूर्वेच्या टोकाला, सांध्यांवरून जाताना कसं वाटलं?"

"सांधे?" मेस्सऊद म्हणाले. "अगं, मी लक्ष ठेवून बसलो होतो, की आले की तुला सांगायचं म्हणून. पण ते आलेच नाहीत. आम्ही एकदम वरच गेलो!"

झुलीखाने फोन आईच्या हातात दिला आणि अनवाणीच अंगणात धावत गेली. लख्दरचं घर गल्लीच्या टोकाला होतं. तिने अंगणातूनच त्याला हाक मारायला सुरुवात केली.